पायरीजवळचा बर्फ

नाताळच्या आधीचा महिना आमच्या खोऱ्यात राहण्याच्या लायकीचा नसतो. थंडीबद्दल माझी तक्रार नाही, मी इथेच जन्मले. पण डिसेंबर लागला की एकेका घरामागच्या खोपटात चूल पेटते. तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यात जुनिपर या काटेरी झुडपाच्या फांद्या उकळायला लागतात, त्यात माल्टचा गोडसर, चिकट वाफारा मिसळतो, आणि हा जो वास तयार होतो तो केसांत, पडद्यांत, लोकरीच्या मोज्यांत जाऊन बसतो तो थेट ईस्टरपर्यंत. मला बियरचा वास लहानपणापासून सहन होत नाही. वाढले मात्र बियर करणाऱ्याच्या घरात, आणि माळ घातली तीही बियर करणाऱ्याच्याच गळ्यात.

वासाचं एक वेळ सोडा, पण या पुरुषांचं काय करायचं? वर्षभर मेंढ्या, ट्रॅक्टर आणि हवामान यापलीकडे ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती माणसं या महिन्यात कवी होतात. "यंदा शेवटी शेवटी मध जाणवतोय," असं एक जण म्हणतो आणि दुसरा डोळे मिटून मान डोलावतो. विकायची कोणालाच नसते. दुकानात पाहिजे तेवढी बियर मिळते. हा सगळा हौसेचा मामला, आणि तिथेच तर सगळी गोची आहे. धंदा असता तर निदान गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं असतं.

इथे तोंडावर सांगायची सोय नाही. बियर तयार झाली की ती बुधल्यांत भरायच्या आधी शेजारच्या बियरवाल्यांना बोलवायचं, असा रिवाज आहे. यजमान लाकडी वाडगा भरतो, तो हातोहात फिरतो. प्रत्येकाने घोट घ्यायचा, छताकडे बघायचं, बराच वेळ गप्प बसायचं आणि मग म्हणायचं, "हं. जमलीय." बस्स. ज्याच्या छपराखाली बसलोय त्याच्या बियरला नाव ठेवायचं नाही. एखाद्या आईला तिचं पोर कुरूप आहे म्हणालात तर ती एक वेळ माफ करेल, पण हे लोक नाही करणार.

आता गिट्लेभावोजींबद्दल सांगते. माझ्या थोरल्या बहिणीचे, मार्गिटचे, यजमान. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक दगडी गडगा. एके काळी या खोऱ्यात त्यांच्यासारखी बियर कोणाची नव्हती, हे मी त्या वासाला नाक मुरडूनही मान्य करते, कारण तेव्हा माणसं त्यांच्याकडे गेली की उठायचं नाव घेत नसत. त्यांच्या घराण्यातलं विरजण फार जुनं. दह्याला लागतं तसं बियरलाही विरजण लागतं. आमच्याकडे त्याला क्वाइक म्हणतात. दर खेपेला पिंपाच्या तळाचा साका काढायचा, वाळवायचा, पुढच्या खेपेला तोच वापरायचा. विरजण घालताना यजमान पिंपात तोंड घालून जिवाच्या आकांताने ओरडतो. जितकी मोठी आरोळी, तितकी बियर तेज, असं हे लोक मानतात. भावोजींची आरोळी पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायची.

आणि विरजण मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हाही रिवाजच. त्यात फायदा असा, की आपलं कधी बिघडलं तर ज्याला दिलं त्याच्याकडून परत आणता येतं. माझं लग्न झालं तेव्हा भावोजींनी आमच्या अन्फिनला बरणीभर विरजण दिलं होतं. अन्फिन म्हणजे माझा नवरा. त्याने ते माझ्यापेक्षा जास्त जपलं.

मग काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात भावोजींना मोठा ताप आला. त्यातून ते उठले, पण नाक गेलं. कुठलाच वास येईना. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं, की एकदा मी गेले तर फडताळात मासा कुजून पडलेला आणि हे त्याच्याखाली बसून निवांत कॉफी पीत होते. मी ओरडले तर म्हणाले, "हां, हां, जरा उग्र येतोय खरा." उग्र! माझे डोळे चुरचुरत होते. पुढच्याच वर्षी मार्गिट गेली, आणि घरात वास सांगणारं कोणी उरलं नाही.

विरजण बिघडलं की आधी नाकाला कळतं. नाकच नाही म्हटल्यावर भावोजी बिघडलेलं विरजण पुढच्या खेपेला घालत राहिले, त्यातून ते आणखी बिघडत गेलं. बियर आंबट झाली असती तर त्यांच्या जिभेलाही कळलं असतं, पण आंबटही होईना. चवीला ठीकठाक, आणि वास? भिजलेला बोकड गोणपाटात बांधून महिनाभर गोठ्यात ठेवा आणि त्यावर तान्ह्या पोराला ओकू द्या. मी वाढवून सांगत नाहीये. वाडगा माझ्यासमोरून गेला की पोटातलं सगळं वर यायचं.

आणि तरीही दर डिसेंबरला सगळे जायचे. कोपऱ्यावरचा स्टाइनार, पाववाला उल्ह्वेडिन, आमचा अन्फिन, झाडून सगळे. वाडगा फिरायचा. छताकडे बघून होई. "हं. जमलीय." भावोजी स्वतः वाडगा नाकाशी नेऊन गोल फिरवायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "अहाहा! बाबांची आठवण आली." मग प्रत्येकाला आपापला पेला मिळे, आणि जरा वेळाने एकेक जण म्हणे, "हवा खाऊन येतो." पेला कोटाच्या आत धरून बाहेर जायचं, पायरीजवळच्या बर्फात ओतायचं, रिकामा पेला मिरवत आत यायचं. घरी येताना अन्फिनचे ओठ पांढरे पडलेले असायचे.

"सांगत का नाहीस त्यांना?" मी विचारायची.

"मी? त्यांच्या घरात बसून?"

"मग आपल्या घरात बोलावून सांग."

"तुला नाही कळायचं गं ओड्नी," एवढं बोलून हा गरम दूध प्यायला बसायचा.

सकाळी भावोजी दार उघडत आणि पायरीच्या दोन्ही बाजूंना पाहत, तर बर्फात पिवळट-लालसर खड्डे. आता ज्याला नाक नाही त्याने काय समजावं? गडग्यावरून त्यांची हाक यायची. "ओड्नी! बघ, बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप! डुकरं आहेत का माणसं? मागे संडास बांधलाय तो काय शोभेला?"

माझ्या जिभेवर यायचं आणि मी गिळायची. त्यावर कडी म्हणजे ते अभिमानाने सांगायचे, "पण रंग बघ कसा उतरलाय मुतात. कस आहे कस, माझ्या बियरमध्ये!"

आणि हे शूर पुरुष! भावोजींनी पुढच्या भेटीत फैलावर घेतलं की माना खाली घालत. "चुकलं गिट्ले, राहवलं नाही," असं स्टाइनार म्हणायचा, आणि तो एके काळी शाळेचा हेडमास्तर होता. अख्ख्या खोऱ्यात पायरीवर मुतणारे म्हणून नाव झालं तरी चालेल, पण बियर बिघडलीय हे बोलायचं नाही. मला या माणसांची शिसारी यायची. बियरचीही येत नसे इतकी.

असं वर्षानुवर्षं चाललं असतं, पण यंदा सिन्नोवेचं लग्न ठरलं.

सिन्नोवे ही भावोजींची नात, मुलीची मुलगी. मार्गिटच्या हाताखाली वाढलेली. लग्न नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या आठवड्यात, आणि लग्नाची बियर आजोबांची, हे तर तिच्या जन्मापासून ठरलेलं. नवरा मुलगा पलीकडच्या खोऱ्यातला. त्याचे वडील हाल्वर म्हणजे तिकडचे नावाजलेले बियरवाले, शिवाय चर्चच्या समितीचे अध्यक्ष. खिशात इस्त्रीचा रुमाल ठेवणारा माणूस. लग्नाच्या बियरची चव घ्यायला वरपक्षाने आधी यायचं असतं, तेव्हा हाल्वर नाताळच्या आधीच्या शनिवारी येणार होते.

शुक्रवारी दुपारी सिन्नोवे माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायला लागली.

"ओड्नीआजी, आजोबांना कोणीतरी सांगा ना. लग्नात सगळ्यांसमोर तो वास सुटला तर मी तोंड कुठे लपवू? आणि आजोबांचं काय होईल?"

"तू सांग ना," मी म्हटलं.

"मी गेले होते. ते म्हणाले, 'तुझ्या आजीच्या हंड्यात केलीय, पोरी.' पुढे माझ्याच्याने बोलवेना."

मी अन्फिनकडे पाहिलं. तो बूट घालत होता. मेंढ्यांना गवत टाकायची इतकी घाई मी त्याला कधी पाहिली नव्हती.

मग मीच गेले. भावोजी खोपटात पिंपाला टेकून उभे होते. स्वच्छ दाढी केलेली, मार्गिटने विणलेला स्वेटर घातलेला. मला बघून म्हणाले, "ओड्नी, खरं सांगू? म्हातारा झालो. ही शेवटची मोठी खेप. पोरीच्या लग्नात लोक म्हणाले पाहिजेत, गिट्लेने राखलं घराण्याचं." मी वास घेतला. बोकड तिथेच होता. म्हटलं, "भावोजी..." आणि मग, "स्वेटर छान दिसतोय," असं बोलून परत आले. येता येता स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की अन्फिनच्या वाटणीच्याही त्यातच आल्या.

शनिवारी आम्ही सगळे त्यांच्या बैठकीच्या खोलीत होतो. टेबलावर वाळवलेल्या मटणाचे काप, लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या, घड्या, मेणबत्त्या. हाल्वर खिडकीशी ताठ बसलेले, शेजारी नवरा मुलगा. भावोजींनी वाडगा भरून दोन्ही हातांनी व्याह्यांपुढे धरला.

हाल्वरनी घोट घेतला. त्यांचा गळा हलला आणि थांबला. डोळ्यांत पाणी आलं. रुमाल बाहेर निघाला, परत गेला. छताकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की मीही वर पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "जुन्या वळणाची आहे."

भावोजींचा चेहरा उजळला. पेले भरले गेले. जरा वेळाने हाल्वर म्हणाले, "जरा हवा खाऊन येतो." मग स्टाइनारलाही हवा हवीशी वाटली, उल्ह्वेडिनलाही, अन्फिनलाही. पेले घेऊन बाहेर गेलेली ती रांग मी पाहिली आणि मला कळलं की हा आजार सगळ्या खोऱ्यांत सारखाच आहे.

भावोजी लाकडं आणायला म्हणून उठले. दार उघडलं आणि दारातच थबकले. नवा बर्फ दुपारीच पडला होता, स्वच्छ, आणि पायरीवरचा दिवा लखलखीत. ते आत आले ते लाल होऊन.

"आजही?" ते गरजले. "आज माझ्या नातीचे सासरे घरात असताना? कोण मुतलं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. शेवटी अन्फिनने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मी, गिट्ले."

"एकटा तू? तिथे चार खड्डे आहेत! बाहेर चौघंच गेले होते." आणि मग ते हळूच हाल्वरकडे वळले. "म्हणजे तुम्हीसुद्धा?"

हाल्वर उठून उभे राहिले. "मी? मी चर्चच्या..."

"तुमच्या खोऱ्यात मुलीच्या घरी जाऊन पायरीवर मुतायची पद्धत आहे का? नाही, मला कळू तरी दे, पोर कुठल्या घरात देतोय ते!"

हाल्वरांचा चेहरा पडद्यासारखा पांढरा झाला. "माझा कोट कुठाय?" ते मुलाला म्हणाले. "चल. असल्या माणसाशी सोयरीक नको." मुलगा जागचा हलेना. सिन्नोवेने तोंडात शालीच्या टोकाचा बोळा कोंबला होता. भावोजी दारात आडवे उभे, हाल्वर कोटाची बाही शोधतायत, आणि खरं काय ते ठाऊक असलेले तीन दाढीवाले पुरुष शेपूट घालून बसलेले. लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं. मला एवढी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

"ते मूत नाही!" मी ओरडले. "भावोजी, ती तुमची बियर आहे!"

भावोजी दारातून पुढे आले.

"माझी बियर?"

"ओतून देतात सगळे. दर वर्षी. घाण वास येतो तिला. कधीचं बिघडलंय तुमचं विरजण. तुम्हाला वास येत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही, आणि या शूरांना तोंड नाही म्हणून कोणी बोललं नाही."

भावोजींनी टेबलावरचा वाडगा उचलला. नाकाशी नेला. या खेपेला डोळे मिटले नाहीत. छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"मला काही येत नाही," ते म्हणाले. "बर्फाचा नाही, कॉफीचा नाही. मार्गिटच्या उशीलाही येत नाही."

मग त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "स्टाइनार? खरंय?" हेडमास्तरांनी होकाराची मान हलवली. "अन्फिन, तू पण? म्हणजे मुतरे म्हणवून घेतलंत इतकी वर्षं..."  वाडगा त्यांनी अगदी जपून खाली ठेवला आणि ते खोपटाकडे निघून गेले.

हाल्वरांचा कोट अर्धा चढलेला तसाच राहिला. ते हळूच खाली बसले आणि म्हणाले, "माझ्या घरी येऊन माझी बियर कोणी ओतत असेल का हो?" 

दुसऱ्या दिवशी सकाळी खोपटापासून ओढ्यापर्यंत बर्फावर एक रुंद, तांबडी वाट गेली होती. सगळं पिंप त्यांनी उपडं केलं होतं. वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. त्या दिवशी गडग्यावरून हाक आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सिन्नोवे दाराशी जाऊन परत यायची. दुकानातून बियर मागवू, असं अन्फिन एकदा पुटपुटला आणि माझ्या नजरेला घाबरून गप्प झाला.

मग एका सकाळी भावोजी आमच्या मागच्या दारी उभे राहिले. हातात रिकामी बरणी. ज्या माणसाने अख्ख्या खोऱ्याला विरजण वाटलं, तो दारात टोपी काढून उभा होता आणि मागणाऱ्याने म्हणायचं ते म्हणत होता, "घरात असेल तर थोडं द्या, नसेल तर तसाच जातो."

 अन्फिन माळ्यावर पळाला आणि सगळंच्या सगळं विरजण घेऊन खाली आला. मी म्हटलं, "अरे, आपल्याला ठेव थोडं," तर रडत होता मेला.

पिंप आमचं घेतलं. हंडा घासून घासून आरशासारखा केला. आणि मग सुरू झाले माझे भोग. भावोजी म्हणाले, "या बायाबापड्यांवर माझा विश्वास नाही," आणि बोट त्या तीन पुरुषांकडे. "खरं बोलली ती ओड्नी एकटीच. वास तिने घ्यायचा." म्हणजे ज्या वासाने मला जन्मभर ओकारी आली, त्याच्यावर मला वाकवलं. माल्टवर वाकले, हंड्यावर वाकले. विरजण घालताना भावोजींनी पिंपात तोंड घातलं. आरोळी निघाली ती एवढीशी, चिरकी. "पुन्हा," मी म्हटलं. दुसऱ्या खेपेला माझ्या कानात दडे बसले.

क्वाइकला तीन-चार दिवस पुरतात; तयार झाली तेव्हा त्यांनी वाडगा माझ्यासमोर धरला.  "कशी आहे?"

मी नाक खुपसलं.  "घाण आहे," मी म्हटलं.

त्यांचे खांदे पडले.

"ऐकून तर घ्या. बियरचा वास मला घाणच वाटतो. पण बोकड गेला. मार्गिट असताना या घरात यायची, तीच ही घाण."

ते पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ पिंपाचं झाकण पुसत बसले.

लग्न झालं. जेवणं त्यांच्याच घरी, अंगण माणसांनी भरलेलं. बियरचं मी काय सांगणार, पण हाल्वरनी वाडगा दोनदा मागून घेतला आणि छताकडे पाहिलंच नाही. तरी भावोजी हसेनात. कोणी "हं, जमलीय" म्हणालं की ते त्याच्या तोंडाकडे संशयाने बघत. कोण हवा खायला जातंय, यावरच त्यांचा डोळा. एवढ्या वर्षांचं खोटं ऐकलेला माणूस खऱ्यावर तरी कसा विश्वास ठेवणार?

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गडग्यावरून हाक आली. "ओड्नी! ये इकडे. लवकर!"

मी शाल ओढून गेले. भावोजी पायरीवर उभे होते, अंगात लग्नाचाच कोट. पायरीजवळचा बर्फ पायांनी तुडवलेला, पण पांढरा. फक्त डाव्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला, दोन खोल पिवळे खड्डे.

"वास घे," ते म्हणाले.

"काहीतरीच काय, भावोजी!"

"घे गं. तुझ्याशिवाय कोण सांगणार मला?"

साठी उलटलेली बाई मी, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी. गुडघे टेकले बर्फात आणि वाकले. एकदाच हुंगलं, पुरे झालं. शिसारीने अंगावर काटा आला.

"मूत आहे," मी म्हटलं.

"नक्की? बियर नाही?"

"शंभर टक्के मूत. अस्सल."

"आणि दुसरा?"

दुसराही हुंगला. "तेही मूतच."

भावोजींनी टोपी काढली. चेहरा असा फुलला की मार्गिटच्या लग्नातला तो तरणा गिट्ले मला समोर दिसला. त्यांनी डोकं मागे टाकलं आणि विरजणाची आरोळी ठोकली. सगळं खोरं दणाणलं, कुत्री भुंकायला लागली. मग ते माझ्याकडे वाकले आणि आशेने, अगदी हळू आवाजात विचारलं, "ओड्नी, यातला एक हाल्वरचा असेल का गं?"

"असेल," मी म्हटलं, आणि ओंजळभर स्वच्छ बर्फ घेऊन नाक खसाखसा घासलं.